उंदरांचा बाळंतविडा

आमच्या बाई कुणाला नमस्कार करत नसत. सकाळी समोर संचालक येवोत की लादी पुसणाऱ्या मावशी, त्या एकच विचारायच्या, "फरक सापडला का?" नवीन माणूस गांगरून इकडेतिकडे बघायचा, काही हरवलंय का म्हणून. जुना माणूस "नाही, बाई" म्हणायचा आणि पुढे सटकायचा. मावशींनी तर त्यावर आपलं ठरीव उत्तर बसवलं होतं. "फरक कसला सापडतोय बाई, तीच लादी न् त्याच लेंड्या." या उत्तरावर बाई बेहद्द खूश असत आणि आम्हाला ऐकवत, "बघा, असं थोडक्यात बोलायला शिका."

आमची संस्था जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर, एका मुरमाड माळावर आहे. मागे ओढा, ओढ्यापलीकडे खालच्या गावाचा बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट, बाजूला ऊस आणि उसात बिबट्या. एवढं सगळं सोडून आमचा जीव अडकला होता उंदरांत. पोटातल्या पिल्लाचा मेंदू घडतो कसा, त्यातली कुठली तार कुठे जाऊन जुळते, हे शोधणं बाईंचं काम. त्यांचं उंदीरघर सांभाळणं, म्हणजे पिंजरे, जोड्या आणि बाळंतपणं, हे माझं. घोडेगावला सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांना माझे वडील "पोरगा संशोधनात आहे" एवढंच सांगायचे, पुढचं गिळून टाकायचे.

हे उंदीर साधे नव्हते. त्यांच्यातला एक जीन मुद्दाम काढून टाकलेला होता. अशा उंदरांना नॉकआउट उंदीर म्हणतात. गावातल्या शाळेची पोरं एकदा संस्था बघायला आली तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं, "घरात फ्यूजची पेटी असते ना? कुठला फ्यूज कशाचा हे कसं कळतं? काढून बघायचा. टीव्ही बंद पडला तर तो टीव्हीचा. आजी ओरडली तर तो पंख्याचा. मी उंदरातला एक फ्यूज काढलाय आणि काय बंद पडतं ते बघतेय."

"मग काय बंद पडलं?" एका पोरीनं विचारलं.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "हीच तर भानगड आहे."

भानगड खरंच मोठी होती. तो जीन नसेल तर मेंदू नीट घडूच शकत नाही, असं बाईंनी ठिकठिकाणच्या परिषदांत छातीठोकपणे सांगून ठेवलेलं, आणि तो काढलेले उंदीर मात्र मजेत. चक्रव्यूहात सोडले, वाट काढून बाहेर. फिरत्या दांडीवर चढवले, दांडी थांबेपर्यंत वरच. मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर साधा कुठला आणि नॉकआउट कुठला हे पट्टी वाचल्याशिवाय कळू नये. शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक जेवताना मला विचारायचे, "काय, बाईंचे उंदीर यंदा दहावीला बसणार म्हणे?"

बाईंची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या पिंजऱ्यांच्या जागेवर सगळ्यांचा डोळा होता. शेवटी संचालकांनी सांगून टाकलं, पावसाळ्याआधी पाहणी होईल, तोवर फरक दिसला तर ठीक, नाहीतर हा वाण बंद. वाण बंद म्हणजे काय हे उंदीरघरात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. शेवटच्या जोडीपर्यंत सगळे मारायचे आणि पिंजरे धुऊन पुढच्याच्या ताब्यात द्यायचे. बाईंनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, जे काय केलं ते त्या पिंजऱ्यांत होतं.

दुसरं कुणी असतं तर हातपाय गाळून बसलं असतं. बाईंनी त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या घड्याळाचा मोठा काटा उपटून खिशात टाकला.

"काढून बघा" हे त्यांचं नुसतं प्रयोगाचं तंत्र नव्हतं, व्यसन होतं. कुठलीही गोष्ट कशासाठी आहे असा प्रश्न पडला, की ती काढायची आणि काय होतं ते बघायचं. मोठा काटा गेल्यावर आम्ही सगळे नक्की वाजले किती या धास्तीनं लवकर यायला लागलो. बाईंनी निष्कर्ष काढला की मोठा काटा फक्त उशीर करण्यासाठी असतो. मग त्यांनी बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या काढल्या. चहा यायच्या आत बैठक आटोपली. खाणावळीच्या आचाऱ्याला गाठून त्यांनी आमटीतली एकेक वस्तू गुपचूप वगळायला लावली. हिंग गेला, कुणाला पत्ता नाही. चिंच गेली, गूळ गेला, कुणी हूं का चूं केलं नाही. शेवटी डाळ गेली तेव्हा संचालक वाटीत बघत म्हणाले, "आज जरा पातळ झालीय का?"

फोनवर त्यांचं वाक्य संपलं की फोन संपला. "बरं", "ठेवते", "काळजी घे" ही सगळी भरताड त्यांनी फोनमधून कधीच काढून टाकली होती आणि त्यावाचून काही अडत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. लोकांना वाटायचं रेंज गेली.

एकदा त्यांनी मलाच काढलं. "घरी जा आठवडाभर. तुझ्यावाचून काय अडतं बघू." मी घोडेगावला जाऊन बसलो. जेवण जाईना. सारखं वाटायचं, तिकडे काही बिघडलं नाही तर आपली नोकरी गेली, आणि बिघडलं तर उंदीर गेले. परत आलो तेव्हा बाई पिंजऱ्यावर वाकलेल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझ्यावाचून काहीही अडलं नाही." माझा चेहरा पडला असणार. मग म्हणाल्या, "पण त्यानं काही सिद्ध होत नाही. फरक दिसला नाही म्हणजे फरक नाही असं नसतं. आपण प्रश्न चुकीचा विचारला असेल. चल, पाणी बदल."

बाईंनी माझं एवढं कौतुक पुढे कधी केलं नाही. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

पाहणीच्या आधीचा शेवटचा डाव म्हणून बाईंनी साध्या आणि नॉकआउट अशा दोन्ही माद्या एकाच सुमाराला वितील असं बसवलं. आता उंदरीण व्याली की फार हळवी. जवळ मोठा आवाज झाला, माणसाच्या अंगाला परका वास आला, तरी बिथरते आणि स्वतःची पिल्लं खाऊन टाकते. म्हणून आमच्याकडे खोबरेल तेल बंद, वासाचा साबण बंद, लसूण बंद. मी ऐन तारुण्यात कोरड्या केसांनी आणि अळणी तोंडानं वावरलो. एवढं सगळं सांभाळलं, पिल्लं जन्मली, आणि मग बाईंच्या लक्षात आलं की येत्या रविवारी खालच्या गावाची यात्रा आहे.

यात्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, आणि शर्यत म्हणजे ओढ्यापलीकडून आमच्या खिडक्यांवर तोंड केलेले कर्णे. बाई मला घेऊन तडक गावात गेल्या. देवळाच्या सभामंडपात यात्रा कमिटी बसलेली. अध्यक्ष होते अण्णा, पांढरी टोपी, मांडीवर वर्गणीची पिशवी.

"अण्णा, यंदा स्पीकर बंद ठेवा," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

कमिटी आधी हसली. मग त्या खरंच बोलताहेत हे कळल्यावर अण्णा समजुतीनं म्हणाले, "मॅडम, गाडं पळायचं म्हंजी स्पीकर लागतोय. बारी कुनाची, गाड्याम्होरं घोडीवर कोन हाये, हे काय एकेकाच्या कानात जाऊन सांगायचं व्हय?"

"आमच्या आळ्याला समाधी आहे त्या ज्ञानोबांच्या रेड्यानं वेद म्हटले," बाई कडाडल्या, "ते काय स्पीकर लावून म्हटले का?"

"आरं तिच्या! तुमी आळ्याच्या व्हय?" अण्णा खुलले. "मंग तुमाला तर बैलाचं कवतिक पायजे. ते सोडून उंदराचं काय घिऊन बसला, राव!"

भांडण चांगलंच पेटलं. गाव म्हणे आमची यात्रा पूर्वापार, बाई म्हणत माझे उंदीरही काही आज आलेले नाहीत. मी मध्ये पडलो तर दोन्ही बाजूंनी मला गप्प केलं. शेवटी बाईंचा आवाज एकदम खाली आला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"अण्णा, माझ्याकडं बाळंतिणी हायेत हो."

कोपऱ्यात एक म्हातारी वाती वळत बसली होती. तिचे हात थांबले. "किती दिसाच्या?"

"कालच्या, परवाच्या."

"अगं बया! आन् हे पयलं सांगायचं सोडून रेडं काय काढतीस?" म्हातारी कमिटीकडे वळली. "आरं ए, फिरवा ते कर्णं पल्याड. बाळंतिणीच्या कानावर असला दंगा घालत्यात व्हय?"

आणि गावानं शब्द पाळला. यात्रेच्या दिवशी कर्ण्यांची तोंडं ओसाड वावराकडे फिरवलेली. एरवी "झाऽली! भिर्रर्र!" म्हणून आभाळ फाडणारा निवेदक देवघरात बोलावं तसं "झाली... झाली..." पुटपुटत होता. बैल उधळत होते, धुरळा उठत होता, आणि हजारो माणसं टाळ्यासुद्धा आवरून वाजवत होती. आम्ही उंदीरघराच्या दारात बसून हे बघत होतो. आत सगळ्या आया पिल्लांना घेऊन निवांत. ऊन उतरलं, शेवटची बारी झाली, तशा बाई म्हणाल्या, "जिंकलो रे." मी पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं.

तेवढ्यात ओढ्यातून हलगी ऐकू आली.

आधी वाटलं, गाव देवळाकडे निघालं असेल. पण आवाज आमच्याकडेच चढत होता. हलगी, सनई, मागून फटाक्यांची माळ. पुढे गुलालानं माखलेली जिंकलेली बैलजोडी, तिच्यामागे अण्णा, आणि त्यांच्यामागे नऊवारीतल्या पंधरा-वीस बायका, डोक्यावर झाकलेली ताटं. बाळंतिणी आहेत म्हटल्यावर गावानं बाळंतविडा आणला होता. खारीक, खोबरं, डिंकाच्या लाडवांचा डबा, खण, नारळ. कुणा हौशीनं बाळाच्या डोक्याला घालायचं इवलंसं कुंचडंसुद्धा शिवलं होतं, अंगठ्याच्या टोकावर बसेल एवढं. आणि बाळंतविडा काय चोरासारखा आणतात? तो वाजतगाजतच यायला हवा.

बाई हात हलवत धावल्या. गावाला वाटलं, आनंद झाला. हलगीवाला आणखी चढला. उंदीरघराच्या भिंतीला टेकून तो वाजवत होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. अण्णांनी बाईंच्या डोक्याला फेटा बांधला, म्हातारीनं त्यांचीच ओटी भरली. बाई पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. त्यांना ओरडता आलं असतं. पण एवढ्या प्रेमानं आलेल्या माणसांवर ओरडायचं कसं, हे आमच्या बाईंनाही जमलं नाही. मी मात्र आत काय चाललं असेल ते जाणून होतो आणि मला रडू येत होतं.

व्यालेल्या माद्यांना त्या गोंधळात आणखी छेडायचं नाही म्हणून आम्ही सकाळपर्यंत आत गेलो नाही. सकाळी दार उघडलं, पहिल्याच पिंजऱ्यात सत्यानाश दिसला. घरटं विस्कटलेलं, पिल्लं भुशाखाली पुरलेली, काही खाल्लेली, आई कोपऱ्यात थरथरत. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. मी म्हणालो, "बाई, गेलं सगळं." फेटा अजून त्यांच्या डोक्यावरच होता. त्या पलीकडच्या ओळीकडे गेल्या, तिथे नॉकआउट माद्या होत्या, आणि तिथेच फरशीवर मट्कन बसल्या.

त्या ओळीत काहीच झालं नव्हतं. एकूणएक घरटी शाबूत. आया अंगाखाली पिल्लं घेऊन दूध पाजत पडलेल्या, जशा काही काल गावात यात्राच नव्हती.

"बहिऱ्या आहेत का या?" मी विचारलं. बाईंनी किल्ल्या वाजवल्या. सगळ्यांचे कान टवकारले, माना वळल्या, आणि परत आपलं काम चालू. ऐकू येत होतं. फक्त भीती वाटत नव्हती.

बाई पुटपुटल्या, "हा फ्यूज भीतीचा." मी नाचायच्या बेतात होतो. त्यांनी डोळे वटारले. "एकदा दिसलं ती गंमत. दुसऱ्यांदा दिसलं तर बघू. तिसऱ्यांदा दिसलं तर लिहू." मग लाडवांचा डबा ओढून घेतला आणि पिंजऱ्यांकडे एकटक बघत एकामागून एक लाडू संपवले. मला एकही दिला नाही.

पुढे त्याच हलगीवाल्याला बोलावून त्याचं वाजवणं नीट ध्वनिमुद्रित केलं. पहिल्या दिवसासारखी नासाडी पुन्हा करायची नव्हती, म्हणून पिल्लं नसलेल्या उंदरांना बेताच्या आवाजात ऐकवलं आणि कोण दचकतं ते बघितलं. दुसऱ्यांदाही फरक दिसला आणि तिसऱ्यांदाही. मग मेंदूत कुठे बघायचं ते कळलं. आवाजाची वर्दी भीतीपर्यंत नेणारा तारांचा एक बारीक जुडगा या उंदरांत पोटात असतानाच नीट जुळत नव्हता, आणि आम्ही एवढी वर्षं दुसरीकडेच सुरी चालवत बसलो होतो. निबंध छापायला गेला तेव्हा परदेशातल्या परीक्षकानं विचारलं, हे हलगी नावाचं उपकरण कुठल्या कंपनीचं? बाईंनी उत्तरात हलगीवाल्याचा फोटो पाठवला.

वाण वाचला. संचालक पाहणीच्या वेळी म्हणाले, "पण बाई, भीती नसणं हे चांगलंच नाही का?" बाई म्हणाल्या, "असा एखादा माणूस आपल्या उसात सोडून बघा. बिबट्या आधी त्यालाच नेईल." मला नेहमी वाटायचं, बाईंमध्येही हाच फ्यूज काढलेला असावा. पण हलगीच्या त्या गोंधळात त्यांचे हात मी बघितले होते. फेट्याचा शेमला त्यांनी पिळून पार दोरी केली होती. बाईंना भीती होती. फक्त स्वतःसाठी नव्हती.

त्यानंतरच्या दिवाळीत बाई निवृत्त झाल्या. समारंभात शाल घ्यायला त्या उठल्या नाहीत. "मला काढताय ना?" एवढंच म्हणाल्या. "मग नीट बघा." आणि आळ्याला जाऊन राहिल्या.

आम्ही नीट बघितलं. काही अडलं नाही. खुर्च्या परत आल्या, घड्याळाला नवा काटा बसला, लोक पूर्ववत उशिरा यायला लागले. आमटी सुधारली. नवे प्रमुख हसून "गुड मॉर्निंग" म्हणत. संचालकांनी बैठकीत समाधानानं सांगितलं की संक्रमण सुरळीत झालं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि त्याचा राग येत होता.

चैत्रात यात्रा आली. उंदीरघरात तेव्हा व्यालेली एकही मादी नव्हती, त्यामुळे कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. दुपारी फाटकावरचा रखवालदार सांगत आला, बाहेर माणसं उभी आहेत, कशासाठी ते कळत नाही.

मी गेलो. फाटकाबाहेर अण्णा होते, वाती वळणारी म्हातारी होती, ताटं घेतलेल्या बायका होत्या, गुलाल लावलेली बैलजोडी होती. आणि आवाज मुळीच नव्हता. हलगीवाल्यानं हलगीच्या चामड्यावर तळवा दाबून धरला होता, चुकून वाऱ्यानंही वाजू नये म्हणून. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांना फडकी गुंडाळलेली. गेल्या वेळी आपल्या हातून काय झालं ते गावाला पुढे कळलं होतं.

"बाई कुठं हायेत?" अण्णांनी कुजबुजत विचारलं.

"निवृत्त झाल्या, अण्णा. दिवाळीतच."

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तरीच. आमी चार दिस वाट बघितली. म्हनलं आज येतील, उद्या येतील. यंदा कुनी भांडायलाच आलं न्हाई, म्हनून मंग आमीच आलो."

म्हातारीनं लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. वाजवल्यावाचून सगळे जसे आले तसे ओढ्यात उतरून गेले. संस्थेतलं कुणी खिडकीत आलं नव्हतं. आवाजच झाला नव्हता, येणार कसं?

मी तिथेच उभा राहून आळ्याला फोन लावला. "बाई," म्हणालो, "फरक सापडला."

"कशात?"

मी सगळं सांगितलं. हलगीवरचा तळवा सांगितला, घुंगरांची फडकी सांगितली, अण्णा काय म्हणाले ते सांगितलं. बाई नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "एकदा दिसलं ती गंमत. पुढच्या यात्रेला परत बघ."

वाक्य संपलं. मी फोन कानावरून काढणार होतो, पण तो बंद झाला नव्हता. आळ्याच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या. बाई नाक ओढत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "लाडू ठेवशील का रे माझ्यासाठी?"